कितीले पडलं जी?

लाखनीत माणसाच्या हातात थैली दिसली की तिच्यात काय आहे असं कोणी विचारत नाही. ते वरून दिसतंच, आणि नाही दिसलं तर थैलीचं तोंड फाकवून बघता येतं. विचारतात ते एवढंच, "कितीले पडलं जी?" मुंबई-कोलकाता महामार्ग आमच्या गावाच्या पोटातून जातो. आधी त्याला सहा नंबर म्हणत, आता तो त्रेपन्न नंबर झाला. उड्डाणपूल झाल्यापासून लांबचे ट्रक डोक्यावरून निघून जातात आणि खालच्या सर्व्हिस रोडवर आम्ही एकमेकांच्या थैल्या तपासायला मोकळे होतो. रायपूरकडे लाखोंचा माल वरून चाललेला असतो. खाली दीड किलो आलूंची चौकशी सुरू असते.

या प्रश्नाला उत्तर कसं द्यायचं, याचे नियम लेकरंसुद्धा जाणतात. खरा भाव सांगायचा नाही. सांगायचा तो खऱ्यापेक्षा कमी सांगायचा. आणि विचारणारा स्वतः काही घेऊन निघाला असेल तर आधी त्याला बोलू द्यायचं. आलू तीसने आणले असले तर पंचवीस म्हणायचं. समोरचा म्हणाला, "मीबी पंचवीसनंच आणले," की लगेच, "हव, पण मले वरून एक मूठ मिरच्या देल्ल्या."

हा संवाद रस्त्यावर संपत नाही. ऐकणारा घरी जाऊन बायकोला सांगतो, "मास्तरानं पंचवीसनं आणले, तू तीस मोजले." पुढच्या बाजाराला ती माउली आलूवाल्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभी राहते. "सगळीकडे पंचवीसनं भेटून रायले, तू काहून तीस लावते?" आलूवाला शांतपणे म्हणतो, "कोन देते दाखवा जी. मीच दोन बोरे उचलतो त्याच्याकडून." लाखनीतला सगळ्यात स्वस्त भाव असा आहे. सगळ्यांनी तो ऐकलेला आहे, ते दुकान मात्र अजून कोणी पाहिलेलं नाही.

घरखर्चात बचत दोन ठिकाणी होते, खिशात आणि जिभेवर. दुसऱ्या प्रकारात आमचा तालुका कोणालाही ऐकणार नाही.

सव्वा रुपयाची लढाई

बाजाराच्या दिवशी चुलबंद नदीच्या काठची, पालांदूरकडची वांगी येतात. हिरवी, काटेरी देठाची, अंगावर सकाळचं पाणी असलेली. एक सेवानिवृत्त गुरुजी सगळा बाजार एकदा रिकाम्या हाताने फिरून येतात. याला आमच्याकडे "भाव पाह्यणं" म्हणतात, आणि ज्याने भाव न पाहता पहिल्याच दुकानात थैली उघडली त्याच्या घराण्याबद्दल लोक शंका घेतात. फेरी पूर्ण करून गुरुजी ठरलेल्या बाईपुढे येतात.

"वांगे कसे देल्ले व बाई?"

"चाळीस किलो, गुरुजी."

"चाळीस? सोन्याचे हायेत का?"

"सोन्याचे असते त मी इथं धुरड्यात बसली असती का?"

"तीस लाव."

"छत्तीस घ्या. तुम्ही आपले म्हनून."

गुरुजी दोन पावलं पुढे जातात. हे जाणं खरं नसतं. ते जाणं बाईला दिसावं आणि तिची हाक गुरुजींना ऐकू यावी, इतक्याच अंतराचं असतं. हाक येते. "या, पस्तीस द्या. बोहनीचा टाइम हाये." आता सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात, पण बोहनीचा टाइम बाजारात दिवसभर असतो. गुरुजी विजयी मुद्रेने परततात, खाली बसतात, एकेक वांगं उचलून कानाजवळ नेतात. का नेतात ते वांग्याला आणि गुरुजींनाच माहीत. मग म्हणतात, "पावभर दे."

आता हिशेब करा. किलोमागे पाच रुपये उतरवले, म्हणजे पावामागे सव्वा रुपया. पावभराचे झाले पावणेनऊ. पंचवीस पैसे आजकाल कोणाकडेच नसतात, म्हणून नऊ. भाव न करता घेतले असते तर दहा लागले असते. वीस मिनिटांची फेरी, दोन पावलांचं नाटक आणि घसा कोरडा करून गुरुजींनी एक रुपया वाचवला. चाळीसचा आकडा बाईने मुळात गुरुजी येताना दिसले म्हणूनच काढला होता. तिला सकाळपासून पस्तीसच हवे होते. दोघांनाही हे ठाऊक आहे. तरीही चाळीसच्या जागी थेट पस्तीस सांगितले असते तर गुरुजी अपमान समजून निघून गेले असते.

पण खरी कमाई अजून व्हायची असते. थैली उचलता उचलता गुरुजी सहज आठवल्यासारखं म्हणतात, "अन् सांबार टाक वर." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि तो विकत घ्यायची वस्तू आहे हे आम्हाला मान्य नाही. भाजी विकत, सांबार वरून. बाई चार काड्या टाकते, गुरुजी सहा करून घेतात. श्रावण-भादव्यात पावसाने सांबार सडतो, जुडीचा भाव चढतो, तेव्हा हीच बाई सांबाराची जुडी ओल्या पोत्याखाली, गुडघ्याच्या पलीकडे ठेवते आणि गिऱ्हाईक मान वाकडी करून पोत्याखाली बघत राहतं. वांग्याचा भाव चाललेला असतो, नजर सांबारावर असते.

घरी पोहोचेपर्यंत रस्त्यात तिघं भेटतात. तिघांनाही कळतं की गुरुजींनी चाळीसचे वांगे तीसने आणले, वरून सांबार. किती आणले, हे कोणी विचारत नाही.

काही मंडळी गुरुजींच्याही पुढची. ते दिवेलागणीनंतर निघतात. उरलेला माल परत नेण्यापेक्षा विकणारा तो ढिगाने काढतो, म्हणून उतरता बाजार स्वस्त असतो, हे खरंच आहे. टेंभुर्णीच्या पानाएवढी थैली घेऊन गेलेला माणूस वीस रुपयांत अख्खा ढीग घेऊन येतो. मग चार दिवस घरात सकाळी पानकोबी, रात्री पानकोबी आणि मधल्या वेळात पानकोबीचे वडे. त्यातली एक कोबी शेवटी गाईला जाते. त्या माणसाने वाचवलेल्या पैशात गाईचाही वाटा आहे.

हे सगळे नियम एकदाच उलटे झाले होते, २०२३ च्या जुलैत. टमाटर दीडशेच्या वर गेले. तेव्हा लोक टमाटर थैलीत न टाकता हातात धरून घरी नेत होते, आणि "कितीले पडलं?" विचारलं की ऐंशीने आणलेला माणूससुद्धा छाती काढून "एकशे साठ" म्हणत होता.

घरचा तांदूळ

भंडारा म्हणजे तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. इथे तांदूळ विकत आणणं थोडं कमीपणाचं समजतात. त्यामुळे कोणाच्याही घरचा तांदूळ विकतचा नसतो. ज्याची शेती आहे त्याचा "घरचा", ज्याची नाही त्याचा "सासऱ्याकडचा", आणि ज्याला सासराही शेतकरी मिळाला नाही तो म्हणतो, "मिलवाला आपला मानूस हाये." मिलवाल्याचं माणूसपण वजनात दिसत नाही, पण सांगायला बरं वाटतं.

या तांदळात एचएमटीचा मान मोठा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्या जपून वाढवल्या आणि त्यातून हे वाण काढलं. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, म्हणून तांदळालाही तेच नाव पडलं. घड्याळाचे कारखाने बंद झाले, तांदूळ अजून शिजतो आहे. दादाजी २०१८ साली गेले. त्या वाणावर व्यापारी आणि गिरणीवाले तालेवार झाले, दादाजींच्या घरात मात्र पैसा फारसा आला नाही. एखाद्या वस्तूचा भाव कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न आम्ही कोणी विचारत नाही. कितीले पडला, एवढंच विचारतो.

तांदळाच्या बाबतीत मात्र आमच्या बाया खरोखर हुशार. धान कापून, चुरून, मिलमधून निघालं की पूस-माघात वर्षाचा तांदूळ भरायचा. तेव्हा माल भरपूर असतो आणि भाव बसलेला असतो. तो कोठीत, कडुनिंबाचा पाला टाकून ठेवायचा आणि आधी मागच्या वर्षीचा संपवायचा. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, मोकळा शिजतो आणि भांड्यात जास्त दिसतो. त्यामुळे बाजारात जुन्याला भावही जास्त असतो. म्हणजे माघातला नवा तांदूळ घरातल्या घरात नुसता बसून महाग होतो. बँकेतल्या ठेवीचं व्याज आमच्या कोणाच्या डोळ्यांना दिसलेलं नाही, भाताचं पातेलं भरलेलं मात्र दिसतं. त्यातल्या त्यात एकच विघ्न, सोंडे. आठ माणसांच्या हिशेबाने भरलेला तांदूळ चार माणसांच्या घरात ठेवला की उरलेल्या चौघांच्या जागी सोंडे जेवायला बसतात. तुरीच्या डाळीचंही तेच. २०१५ च्या ऑक्टोबरात तूर दोनशेच्या आसपास गेली तेव्हा धास्तावून पोतंभर भरणाऱ्यांनी पुढे कितीतरी दिवस डाळ उन्हात घालून किडे वेचले.

तांदळाच्या पोत्याची आणखी एक गंमत. १८ जुलै २०२२ पासून छापील लेबलाच्या बंद पोत्यातल्या तांदूळ-डाळ-पिठावर पाच टक्के जीएसटी लागला, पण तो पंचवीस किलोपर्यंतच. त्यापेक्षा मोठ्या पोत्याला नाही. झालं! इतकी वर्षं पंचवीस किलोचं असलेलं पोतं एका रात्रीत सव्वीस किलोचं झालं. तेराशेच्या पोत्यावर पासष्ट रुपयांचा कर, एक किलो तांदूळ जास्त भरला की गायब. एवढी सुबक बचत आमच्या गुरुजींनाही कधी जमली नसती. गंमत अशी की त्या सव्वीस किलोच्या पोत्याचं कोडं आमच्याकडे कोणी फारसं सोडवलं नाही. लोक म्हणाले, "कंपनीवाल्यानं एक किलो फुकट देल्ला." आणि सांबारासारखा तो किलोही वरून मिळाल्याच्या खात्यात जमा झाला.

रेशनचा तांदूळ मात्र या खेळातून बाद आहे. आधी तो तीन रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून फुकट. फुकटापेक्षा कमी भाव सांगता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल बोलण्यात कोणाला रस नाही. रस आहे तो त्यातल्या "प्लास्टिकच्या" दाण्यांत. सरकार शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा लोह आणि जीवनसत्त्वं घालून बनवलेला मिसळत आलं आहे. तो इतरांपेक्षा थोडा वेगळा दिसतो आणि पाण्यात तरंगतो. डोळ्यांवर चष्मा लावून, सूप मांडीवर घेऊन आमच्या आज्या तो नेमका वेचून फेकतात. मग डॉक्टर सांगतो, "आजी, अंगात रक्त कमी आहे," आणि लोहाची बाटली विकत येते. ती कितीले पडली, हे मात्र आजी खरं सांगते.

यादीत नसलेलं सामान

महिन्याचा किराणा म्हणजे यादी. बाई सांगते, पोरगं लिहितं, बाप खोडतो. फल्लीदाणे दोन किलो लिहिले की बाप एक करतो. पोहे दोनचे दीड. गूळ असू द्या, पाहुणे येतात. यादी अशी छाटून छाटून तो किराण्याच्या दुकानात जातो आणि सेठजी पुड्या बांधत असताना काउंटरवरच्या बरण्यांकडे बघत उभा राहतो. तिथून घरी येताना यादीतलं सगळं येतं, आणि यादीत नसलेले शेवेचे पाकीट, क्रीमची बिस्किटं, मसाल्याच्या चार नव्या पुड्या आणि "स्कीम होती" म्हणून आणलेली कपड्यांची पावडर. पावडरीबरोबर बादली फुकट. आमच्या एका शेजाऱ्यांकडे अशा पाच बादल्या आहेत; नळाला पाणी एक दिवसाआड येतं म्हणून त्या भरलेल्या तरी असतात.

सेठजींकडे वहीत लिहिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. रोखीवाला काउंटरवर हात आपटून भाव करतो, उधारीवाला फक्त "किती झाले सेठजी?" एवढंच विचारतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच बचत परवडते. पगार किंवा धानाचा चुकारा हातात आला की जुनी वही मिटवून एक महिना रोखीने घेऊन पाहावा. सेठजींच्या बोलण्यात किती फरक पडतो ते लगेच कळेल.

तेलाच्या पिप्याजवळ मात्र भले भले घसरतात. दोन पिपे शेजारी शेजारी ठेवलेले असतात, रंग सारखा, उंची जवळपास सारखी. एकावर २,२५०, दुसऱ्यावर २,४००. माणूस दीडशे रुपये वाचवून पहिला उचलतो आणि गावभर सांगतो. पहिल्यावर लिहिलेलं असतं पंधरा लिटर, दुसऱ्यावर पंधरा किलो. तेल पाण्यापेक्षा हलकं. एका लिटरमध्ये ते साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे पंधरा लिटरच्या पिप्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल. भागाकार केला तर स्वस्त पिपा किलोला १६५ रुपयांनी पडतो आणि महाग १६० ने. हा भागाकार पाचवीतल्या पोराला येतो, पण पोराला त्या वेळी आपण चॉकलेट देऊन बाहेर उभं केलेलं असतं.

पाच रुपयांच्या पुड्याचा तर भागाकारही कोणी करत नाही. पुडा तोच, चित्र तेच, किंमत तीच. आत मात्र वस्तू कमी होत जाते. आमच्या लहानपणी पुडा उघडला की बिस्किटं खाली सांडायची, आता हात आत घालून शोधावी लागतात. भाजीवालीने पावात दोन वांगी कमी टाकली तर आपण तिचा तराजू तपासू. पाकिटाचा तराजू कारखान्यात असतो आणि कारखाना लाखनीच्या बाजारात बसत नाही.

सुट्या पैशांचीही एक बचत होती, ती दुकानदाराची. दोन रुपये परत द्यायचे तर तो दोन चॉकलेटं द्यायचा. दहाच्या नाण्याचं आणखी वेगळंच. "हे चालत नाही" म्हणून ते गावभर फिरून मालकाकडेच परत यायचं. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दहाच्या नाण्याच्या चौदाही नमुन्यांना बाजारात मान आहे. बँकेने सांगितलं, पण आमच्या पानठेल्यावाल्याला कोणी सांगितलं नाही. आता मोबाइलने पैसे जाऊ लागल्यापासून चॉकलेटांचा व्यवहार बंद पडला. त्याबरोबर खिशातून नोट निघताना होणारं दुःखही गेलं. नोट देताना माणूस दोनदा मोजायचा. आता "टुंग" वाजलं की पैसे गेले, आणि दुकानातला डबा किती आले ते मोठ्याने सांगतो. म्हणजे निदान तिथे तरी भाव लपवता येत नाही!

नागपूरची मोठी बचत

वर्षातून एकदोनदा आमच्याकडे बचतीचा सण येतो. कोणाची तरी गाडी नागपूरला निघते आणि मोहल्ल्यातली चार माणसं "मॉलमध्ये किराणा लई स्वस्त" म्हणून तिच्यात बसतात. लाखनी ते नागपूर ऐंशीएक किलोमीटर. येणं-जाणं धरून आठ-नऊ लिटर पेट्रोल आणि पेट्रोल शंभरच्या पुढे. माथनीचा टोल दोनदा. उतरल्याबरोबर तर्री-पोहे, कारण उपाशीपोटी खरेदी केली की माणूस जास्त घेतो असं एकाने वाचलेलं असतं. मग दुपारी थंड हवेत तीन तास चालून लागलेली भूक, तिच्यासाठी पुन्हा खाणं.

आत मॉलमध्ये मात्र आमची मंडळी अगदी शिस्तीने वागतात. जो माणूस वांग्याला तीस म्हणाला होता, तो ९९ रुपयांची पाटी बघून मुकाट्याने डबा टोपलीत ठेवतो. पाटीशी भाव करता येत नाही. पाटी हाक मारत नाही, "या, पंच्याण्णव द्या" म्हणत नाही, आणि सांबारही टाकत नाही. दोनवर एक फुकट, म्हणून तीन. घरात कधी न लागलेली ओट्सची पिशवी, म्हशीला तरी घालता येईल म्हणून. शेवटी लांबलचक बिल निघतं आणि त्याच्या तळाशी छापलेलं असतं की आज आपण इतके इतके रुपये वाचवले.

तो कागद जपून आणला जातो. लाखनीत परतल्यावर "कितीले पडलं?" असं विचारणाऱ्याला तो दाखवतात. पहिल्यांदाच आमच्या बचतीला छापील पुरावा मिळालेला असतो. पेट्रोल, टोल, पोहे आणि परतीच्या वाटेवर मौद्याजवळ घेतलेला चहा त्या कागदावर नसतो.

पैसा जातो कुठे?

केंद्र सरकारने २०२२-२३ मध्ये घरोघरच्या खर्चाची पाहणी केली. खेड्यातला माणूस शंभर रुपये खर्च करतो तेव्हा त्यातले ४६ रुपये ३८ पैसे खाण्यापिण्यावर जातात. हे ऐकून आपण लगेच तांदूळ-गव्हाला दोष देतो. पण धान्यावर त्यातले फक्त ४ रुपये ९१ पैसे जातात. भाजीपाल्यावर ५ रुपये ३८ पैसे. आणि चहा-कॉफी, तयार नाश्ता, पाकिटातले पदार्थ यांवर ९ रुपये ६२ पैसे. धान्य आणि भाजी दोन्ही मिळून जेवढं होतं, जवळपास तेवढं. म्हणजे आपण सगळी ताकद सव्वापाच रुपयांच्या भाजीवर लावतो आणि साडेनऊ रुपये बसस्टँडजवळच्या टपरीवर आणि पोराच्या दप्तरात न विचारता निघून जातात. भाजीत वाचवायला फार काही उरलेलंच नाही. जे आहे ते सांबार.

किराण्यात मात्र एकत्र खरेदी केली तर स्वस्त पडतं, हे काही नवं नाही. मुंबईत १९७५ साली ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, संस्थेने घाऊक माल घ्यायचा आणि तो सगळ्यांनी वाटून घ्यायचा. मध्ये दुकान नाही, पाट्या नाहीत, बादली फुकट नाही. इतकी वर्षं ते काम चाललं आहे. आमच्या मोहल्ल्यातही एकदा तसं ठरलं. ओट्यावर सतरंजी टाकून सगळे बसले. तेलाचे पिपे, तुरीची डाळ, साखर, चहापत्ती एकदमच भंडाऱ्याहून आणायची. एका वहिनींनी वही उघडली आणि साधी गोष्ट सांगितली. सध्या कोण काय भावाने आणतं ते प्रत्येकाने सांगायचं, म्हणजे घाऊकमध्ये किती वाचतील ते कळेल.

शांतता पसरली. तूर एकशे वीसने आणतो असं वर्षभर सांगणारे काका छताकडे पाहू लागले. ज्यांच्या तेलाइतका कमी भाव कोणी ऐकला नव्हता ते चहा पिऊ लागले. शेवटी जे आकडे आले ते बघून वहिनी म्हणाल्या, "यापेक्षा कमी भावानं त घाऊकवाला बी आणत नसन जी. आपन सगळ्यांनी त्याच्या घरी माल विकावा." सभा तिथेच बरखास्त झाली. प्रत्येकाने जिभेवर वाचवलेले पैसे खऱ्या पैशांच्या आड आले.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. भाजीवालीशी भाव जरूर करावा. तिलाही तो हवा असतो, आणि एका रुपयात वीस मिनिटांची करमणूक दुसरीकडे कुठे मिळत नाही. पण त्याला बचत म्हणू नये. बचत करायची तर किमतीला वजनाने भागा. आता पाकिटावर ग्रॅमचा किंवा मिलीलिटरचा भाव छापलेला असतो, चष्मा त्यासाठी वापरा. तांदूळ माघात भरा, पण घरातली माणसं मोजून. लिटर आणि किलो यांतला फरक पोराला विचारा. आणि पुढच्या महिन्याची यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे मागच्या वेळी दिलेला खरा भाव लिहून ठेवा. ती वही रस्त्यात कोणाला दाखवायची गरज नाही. घरातल्या घरात तरी खरं बोलायला पैसे पडत नाहीत.